पाऊणकी

माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ होत्या. आमच्या पिढीला वीसपर्यंतचे पाढे आले तरी घरात पेढे वाटायचे, तेव्हा हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे आजोबांच्या पगडीसारखी शोभेची वस्तू, असं मी समजत होते. पण मला गिरगाव चौपाटीवर न्यायच्या आधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे आणि पुटपुटायचे, "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. आत्ता नको, भेळ खायला वाळूच उरणार नाही." म्हणजे सव्वापाचला पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर कोळ्याच्या पोरालाही येतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडंफार इकडेतिकडे. मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक मिनिटासकट मिळत असल्यामुळे मी तो हिशेब करणं सोडून दिलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत, माघी पौर्णिमेला, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी मला तो पुन्हा करावा लागला. जरा उशिराच.

आमची बोट सव्वीस फुटी आहे. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, माझी आणि माझ्या एका मैत्रिणीची निम्मी-निम्मी. नाव 'टिटवी'. टिटवीही समुद्र आटवते म्हणतात; आमच्या टिटवीने आजवर फक्त आमचे बँक बॅलन्स आटवलेत. पाण्याखाली दीड मीटर कील, म्हणजे तळाची जड पाती, नऊ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, आणि सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल, हा तिचा कमाल वेग. त्यापुढे ती आपणहून जात नाही, लाटेने ढकललं तरच जाते. त्याबद्दल पुढे सांगतेच.

मुंबई ते गोवा हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. आम्ही ते दरवर्षी तुकड्यातुकड्याने करतो, एका दमात जमत नाही आणि एवढी रजाही मिळत नाही. जाताना सोपं असतं. हिवाळ्यात या किनाऱ्यावर दुपारी बारा-एकपासून वायव्येचा वारा धरतो, तीन ते पाच त्याचा जोर असतो, सूर्य बुडाला की तो दमतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशीच तो असतो. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई सुटतो, हलका, गार, आणि किनाऱ्यावरून येत असल्यामुळे लाट न उठवणारा. परतताना उत्तरेला चढायचं तर या मतलईवरच चढायचं. जुने मचवेवाले तेच करत. दिवसा नांगर टाकून झोप काढायची, रात्री किनारा धरून वर सरकायचं. मी ही गोष्ट पहिल्याच वर्षी दुपारच्या वाऱ्याशी सहा तास भांडून अकरा मैल कमावल्यावर शिकले.

तर त्या दिवशी आम्ही तिघं होतो. मी, मैत्रीण आणि माझा बावीस वर्षांचा भाचा. आदल्या रात्री राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकला होता. बेत असा की सकाळी सातला उरलेल्या मतलईवर निघायचं आणि दोनच्या आत हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला पोचायचं. तीस मैल. सातला इंजिन चालू केलं आणि तीन मिनिटांत ते गुदमरलं. कुणीतरी टाकून दिलेला नायलॉनचा दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलेला. भाचा भाजीची सुरी घेऊन खाली गेला. थंडगार गढूळ पाणी, हाताला कालवं कापताहेत, दर दीड मिनिटाला वर येऊन तो एक शिवी आणि वीतभर दोर टाकायचा. दोर सुटला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

सव्वाअकरा! पौर्णिमा! पंधरा पाऊण सव्वाअकरा! खाडी काठोकाठ भरलेली माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि माझ्या डोक्यात फक्त 'चार तास उशीर झाला' एवढंच घोळत होतं.

खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण भाच्याची सोमवारची गाडी होती. रजेचं वेळापत्रक घेऊन समुद्रावर जाऊ नये हे मी इतरांना वारंवार सांगत असते.

साडेबारापर्यंत वारा नावालाच होता. मग त्याने धरलं. पाठीमागून वारा असताना एक गंमत होते. वीस नॉटचा वारा, आपण सहाने पळतोय, म्हणजे अंगाला लागतो तो चौदाचाच. ऊन छान, बोट मजेत, मैत्रीण थालीपीठ आणि लसणीची चटणी काढून बसलेली. सगळी शिडं पूर्ण उघडी. अडीच वाजता टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, हाताला जड लागायला लागला तेव्हा मी रीफ घ्यायचं ठरवलं. म्हणजे मेनसेल, मुख्य शीड, थोडं खाली उतरवून त्याचा खालचा पट्टा बूमला, शिडाखालच्या आडव्या दांड्याला, बांधायचा, शिडाचं क्षेत्रफळ कमी करायचं. त्यासाठी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवावी लागते. वळवली आणि जग बदललं. दोर फटफट वाजायला लागले, पाण्याचा फवारा तोंडावर, वाऱ्याच्या काट्यावर बावीस, मध्येच सव्वीस.

"मावशी, वारा एकदम वाढला!" भाचा ओरडला.

वारा तेवढाच होता. आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. तेव्हापासून मी अंदाजाने रीफ घेत नाही, घड्याळाने घेते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी एक वाजला की पहिला रीफ, मग समुद्र आरशासारखा असला तरी. लोक हसतात. हसू देत.

पावणेपाचला हरिहरेश्वरचा डोंगर डाव्या हाताला मागे पडला आणि सावित्री नदीचं, म्हणजे बाणकोटच्या खाडीचं, तोंड उघडलं. दक्षिणेच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला, त्याखाली झाडी, आत शांत चकाकणारी खाडी, फेरीबोट पलीकडे चाललेली. मैत्रिणीला तोवर बोट लागली होती, तासाभरात तिने आलेपाकाची अख्खी पुडी संपवली होती आणि तरी ती हिरवी दिसत होती. हर्णै अजून दहा मैल. म्हणजे पोचायला सात, अंधार, आणि हर्णैच्या बाहेर अंधारात दिवा नसलेली जाळी आणि त्यांचे तरंगते बोयेच बोये. आणि इथे, अवघ्या दीड मैलावर, घरासारखी खाडी.

"आत जाऊया ना," भाचा म्हणाला. मैत्रीण काही बोलली नाही, नुसतं खाडीकडे बघत राहिली.

मी टिलर वळवला.

समुद्राकडून बघताना फुटणारी लाट दिसत नाही. लाटेचं तोंड किनाऱ्याकडे असतं, आपल्याला दिसते ती तिची पाठ. गोल, गुळगुळीत, म्हशीच्या पाठीसारखी. किनाऱ्यावर उभ्या माणसाला जिथे पांढरा कल्लोळ दिसतो, तिथे आपल्याला फक्त मधूनच पाठीपलीकडून उडणारा तुषार दिसतो. मला तो दिसला. मी मनात म्हटलं, वाऱ्याने उडत असेल.

खोली सांगणारं यंत्र नऊ मीटर म्हणत होतं. मग सात. पाण्याचा रंग निळ्याचा राखाडी, राखाडीचा चहासारखा झाला. पाच पूर्णांक चार. नकाशावर खाडीच्या तोंडाशी वाळूचे ठिपके आहेत, पण सावित्री दर पावसाळ्यात ती वाळू हलवते, त्यामुळे नकाशा म्हणजे जुन्या भाडेकरूचा पत्ता. चार पूर्णांक दोन.

मागून सूं असा आवाज आला. उकळत्या तेलात पुरी सोडल्यावर येतो तसा. मी मागे वळून बघितलं तर लाटेला माथा फुटत होता आणि तिचा उतार भिंतीसारखा उभा झाला होता. टिटवीची मागची बाजू वर उचलली गेली, नाळ खाली गेली, आणि ती निघाली. काट्यावर नऊ पूर्णांक चार. सहा नॉटची बोट. दोन सेकंद अगदी मस्त वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या सेकंदाला टिलर हातात मऊ पडला. सायकलची चेन उतरल्यावर पेडल कसं रिकामं फिरतं, तसा. सुकाणूभोवती पाणी नव्हतं, फेस होता, आणि फेसाला सुकाणू जुमानत नाही. बोट आपल्या मनाने डावीकडे वळली, आडवी झाली, उजवीकडे कलली, बूमचं टोक पाण्यात घुसलं. मैत्रीण पट्ट्याने बांधलेली होती म्हणून जागेवर राहिली. थालीपीठाचा डबा बांधलेला नव्हता.

लाट खालून निघून गेली. बोट सरळ झाली, आणि तिचं तोंड जवळजवळ उत्तरेला होतं. निम्मं वळण तिनेच घेतलं होतं.

"बाहेर," मी म्हटलं. "इंजिन. बाहेर."

लाटा घोळक्याने येतात. चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. पुढची मोठी येईस्तोवर आम्हाला किती वेळ मिळाला असेल? वीस सेकंद? नाळ वाऱ्यातून पार नेली, वारा उजव्या अंगावर घेतला, इंजिनाचा जोर दिला आणि पश्चिमेला तोंड करून चढायला लागलो. दुसरी मोठी लाट समोरून आली. ती मोडण्याआधीच आम्ही तिच्या माथ्यावरून पलीकडे आपटलो, असा आवाज झाला की सगळी भांडी खाली आली. पण समोरून लाट घेणं आणि पाठीवर घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच मीटर. सात. दहा. पाणी पुन्हा निळं झालं. लाटा तशाच दीड-दोन मीटरच्या होत्या, पण त्या आता नुसत्या उचलत होत्या आणि ठेवत होत्या.

तेव्हा कुठे मी हर्णैच्या नाखवांना फोन लावला. रेंज होती हे नशीब. त्यांच्या होडीशेजारी आम्ही दर वर्षी नांगर टाकतो.

"बाणकोटात शिरत होतीस?" ते म्हणाले. "आज पुनव ना गं बाय? सुकतीचा शेवट, त्यात उपरचा वारा. आमच्या होड्या पण आत्ता शिरत नाय. तिथी बघितलीस काय?"

तिथी बघितली नव्हती. मग बोटीच्या लॉगबुकात ओल्या हाताने मांडणी केली. सव्वाअकराला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले की साडेपाचला पूर्ण ओहोटी. उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा खूप खाली. आम्ही पाचला तिथे होतो. खाडीतलं सगळं पाणी बाहेर धावतंय, वारा आणि लाट आत धावताहेत. समोरासमोर टक्कर झाली की लाट आखडते, म्हणजे तिची लांबी कमी होते आणि उंची वाढते. वर तोंडाशी पाणी सगळ्यात उथळ. आणि इथे दुसरी पाऊणकी येते: लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट मोडते. तीन मीटर पाण्यात सव्वादोन मीटरची लाट उभी राहू शकत नाही. दहा मीटर पाण्यात तीच लाट बिनधास्त चालत जाते. वाऱ्याचा त्यात दोष नाही.

बरं, हे काही त्या एका दिवसाचं दुर्दैव नव्हतं. या किनाऱ्यावर प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी दुपारीच पडणार आणि वायव्येचा वारा दुपारीच जोर करणार. महिन्यातून दोनदा, ठरलेली वेळ. आयुष्यभर ऑडिट करून मला ही नोंद दिसू नये.

लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "काय मग, जगप्रदक्षिणा कधी?" कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. अशी एकट्याने शिडाच्या बोटीतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडीला बांधलेली ती छप्पन फुटी बोट. त्यांच्या वाटेवरच्या लाटांपुढे आमची बाणकोटची लाट म्हणजे बादलीतलं पाणी. मी तुलना करतच नाही. पण लोकांना वाटतं किनाऱ्याजवळ सुरक्षित आणि खोल समुद्रात धोका, ते मात्र उलटं आहे. धोका जमिनीत आहे. १९७९ साली इंग्लंड-आयर्लंडजवळच्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या बहुतेक नंतर तरंगताना सापडल्या. बोट माणसापेक्षा जास्त सोसते. माणसाला कुठेतरी पोचायचं असतं, बोटीला नसतं.

साडेपाच. मैत्रिणीला मी सांगितलं की आज रात्री आपण कुठेही शिरणार नाही. ती म्हणाली, "बरं," आणि बादली जवळ ओढली.

किनाऱ्यापासून चार मैल बाहेर जाऊन आम्ही बोट थांबवली. शिडाची बोट भर वाऱ्यात थांबवता येते हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मेनसेलला दुसरा रीफ घेतला. जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, हाताने ओढून वाऱ्याच्या बाजूला बांधली, उलटी, म्हणजे ती नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलणार. टिलर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दोराने बांधून टाकला, म्हणजे सुकाणू नाळेला वाऱ्याकडे वळवणार. दोघांच्या भांडणात बोट मध्येच लटकते. पुढे जात नाही, मागे जात नाही, तासाला जेमतेम मैलभर आडवी वाहते आणि वाऱ्याच्या बाजूला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा सोडते. त्या पट्ट्यात आल्यावर लाटेची मस्ती उतरते.

कुठल्या अंगाला वारा घेऊन थांबायचं, हे इथे महत्त्वाचं. वायव्येचा वारा आपल्याला किनाऱ्याकडे ढकलणार. पण वारा उजव्या अंगावर घेतला तर नाळ पश्चिमेला राहते, बोट थोडी थोडी बाहेर सरकते आणि वाहताना किनाऱ्याला समांतर, दक्षिणेला जाते. म्हणजे हर्णैकडे! डाव्या अंगावर घेतला असता तर चार-पाच तासांत पुन्हा किनाऱ्यावरच गेलो असतो.

आवाज बंद झाला. खरंच, पहिली गोष्ट ती जाणवते. फटफट नाही, आपटणं नाही. भाचा केबिनमधून चहा करून घेऊन आला, तो न सांडता. सूर्य बुडाला आणि त्याच वेळी बाणकोटच्या डोंगरामागून तांबडा लाल चंद्र वर आला. मैत्रिणीने पाठीवर पडून तो बघितला आणि तासाभराने विचारलं, "थालीपीठ उरलंय का?"

नव्हतं. तिने बिस्किटं खाल्ली.

पुढच्या रात्रीत सांगण्यासारखं काही नाही. साडेनऊला वारा दमला, मग सगळंच थांबलं, शिडं लोंबली. दीड-दोन तासांच्या पाळ्या केल्या. जाळी असतील म्हणून इंजिन लावलं नाही. एका दिवसात दोनदा भाच्याला पंख्याखाली पाठवणं बरं दिसलं नसतं. एकच्या पुढे मतलई आला. वाऱ्याआधी वास आला, पालापाचोळा जाळल्याचा आणि सुक्या मासळीचा. हर्णैचा दिवा दिसत होता, तो डाव्या हाताला ठेवून रेंगाळत राहिलो. उजाडल्यावर, बोये एकेक करून मोजता यायला लागल्यावर, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला.

नाखवा आठ वाजता होडी वल्हवत आले. काही बोलले नाहीत. बूमला अडकलेली शेवाळाची लांब दोरी त्यांनी दोन बोटांनी काढली, बघितली आणि पाण्यात टाकली. चहा घेतला.

भाचा रात्रभर त्या हिशेबावर बसला होता. इंजिनिअर आहे, गप्प राहवत नाही. "नाखवा, पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. बरोबर? आज प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता भरती. रोज पाऊण तासाने पुढे जायची तर आज बारा यायला हवेत. काल ते आज दीड तास झाला. मधला पाऊण तास गेला कुठे?"

नाखवांनी बशीतला चहा संपवला, बशी पाण्यात बुचकळून त्याच्या हातात दिली.

"बाणकोटाच्या तोंडाशी बघ," ते म्हणाले, "तिथंच पडला आसंल. डब्याबरोबर."